सायकलचं काय झालं, ते आधी बघा

सर, नमस्कार.
मी जुन्या नाशकातल्या एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला इतिहास-भूगोल शिकवते. गेल्या वर्षी आमच्या भागात मिरवणुकीच्या वेळी दोन गटांत दगडफेक झाली. तेव्हापासून नववीचा वर्ग दुभंगलाय. खिडकीकडचे बाक एकांचे, दाराकडचे दुसऱ्यांचे. डबे वेगळे, क्रिकेटचे संघ वेगळे, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुपसुद्धा वेगळे. दिवाळीच्या आधी एका मुलाची सायकल स्टँडवरच मोडली गेली. स्पोक वाकवले, सीट ब्लेडने फाडली. कोणी केलं हे सगळ्या वर्गाला माहीत आहे. मुख्याध्यापक म्हणाले, "वाढवू नका, आपसात मिटवा."
मला राहवेना. दर शनिवारी एक तास मागून घेतला. गोष्ट सांगते, समूहगान घेते, शेवटी सगळे उभे राहून एकोप्याची शपथ म्हणतो. मागच्या शनिवारी शपथ झाल्यावर तोच मुलगा उठला आणि म्हणाला, "मॅडम, शपथ झाली, पण माझी सायकल कोण भरून देणार?" वर्ग हसला. मला उत्तर सुचलं नाही.
स्टाफरूममध्ये मला आता 'शांतिदूत' म्हणतात. एक पालक सांगून गेले, "आमच्या मुलाला त्यांच्या शेजारी बसवलंत तर दाखला काढून नेऊ." घरचे म्हणतात, पोर्शन पूर्ण कर आणि घरी ये. शाळेत असं काही केल्याने खरंच फरक पडतो का? एखादा सर्टिफिकेट कोर्स करावा का? की हे सगळं सोडून नोकरीच बदलावी?
– एक शिक्षिका, नाशिक

ताई,

वर्ग हसला म्हणून तुम्ही खट्टू झालात, पण त्या मुलाने काय केलं ते बघा. सायकल मोडल्यावर त्याला 'आपसात मिटवा' एवढंच ऐकायला मिळालं. घरी बहुधा उलट ओरडाच खाल्ला असेल. एवढं होऊनही काही आठवड्यांनी भर वर्गात उभं राहून त्याने तुम्हाला विचारलं. ज्या मॅडमकडून काही होईल अशी आशाच नसते, त्यांना मुलं असले प्रश्न विचारत नाहीत. तुमच्या शनिवारच्या तासाने एवढं नक्की मिळवलंय.

आता माझं म्हणणं सरळ सांगतो. शपथ थांबवा आणि सायकलचं बघा. शाळेत शांततेचं काम करणं म्हणजे भांडण झाकणं नव्हे. भांडण नीट मांडायचं कसं, समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायचं कसं आणि ज्याचं नुकसान झालं त्याची भरपाई होईपर्यंत ते नेटाने न्यायचं कसं, हे मुलांकडून गिरवून घ्यावं लागतं. पुढे जे लिहितोय ते सगळं याच एका गोष्टीसाठी.

मुख्याध्यापकांवर चिडू नका. त्यांच्यावर संस्थेचं, पालकांचं, पोलीस ठाण्याचं दडपण असतं आणि असं प्रकरण रस्त्यावर गेलं तर काय होतं हे त्यांनी पाहिलेलं असतं. पण 'आपसात मिटवा' म्हटल्यावर जो आधीच दबलेला असतो तोच गप्प बसतो आणि वरून सगळं ठीक दिसतं. योहान गाल्टुंग या नॉर्वेच्या अभ्यासकाने १९५९ मध्ये ऑस्लोत शांतता-संशोधनाची संस्था सुरू केली. पुढच्या दशकात त्यांनी एक फरक मांडला, तो आज जगभर या विषयाचा पाया मानला जातो. एक शांतता म्हणजे फक्त मारामारी थांबलेली. दुसरीत मारामारीला कारण ठरणारा अन्यायही दूर झालेला असतो. तुमच्या वर्गात सध्या पहिली आहे आणि तीही कशीबशी टिकलेली.

हा फरक नववीच्या मुलांना समजावायला तुम्हाला पुस्तकी व्याख्या लागणार नाही. तुमच्या शाळेतली निम्मी मुलं पंचवटीत काळाराम मंदिरासमोरून शेकडो वेळा गेली असतील. २ मार्च १९३० च्या आधी त्या दारापुढे कसला गोंगाट नव्हता. अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेली माणसं बाहेरच राहत होती आणि गाव त्यालाच सुरळीत चाललंय म्हणत होतं. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, नाशिक जिल्ह्यातलेच दादासाहेब गायकवाड तो सांभाळत होते. मंदिराचे दरवाजे बंद झाले आणि सत्याग्रही दारांपुढे बसून राहिले. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, माणसं जखमी झाली, तरी सत्याग्रह मागे घेतला गेला नाही. तो पुढे काही वर्षं चालला. दार उघडलं नाही तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मुलांना विचारा, शांतता कोणी भंग केली? दारापुढे बसलेल्यांनी, की दार बंद ठेवणाऱ्यांनी? या प्रश्नावर तुमची नववी तासभर वाद घालेल आणि तो वाद तुमच्या शपथेपेक्षा जास्त शिकवेल. आणखी एक गंमत अशी की या वादात मुलं खिडकीकडची आणि दाराकडची अशी वाटली जाणार नाहीत. गट नव्याने पडतील.

आता सायकल. आधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, पाठीमागून काही करू नका. त्यांना सांगा की हे वाढवायचं नाही, संपवायचं आहे आणि ते शाळेच्या भिंतींच्या आतच राहील. ज्यांनी सायकल मोडली त्यांना वर्गात उभं करू नका. शाळा सुटल्यावर एकेकाला वेगळं भेटा. 'का केलंस?' असं विचारू नका, कारण त्यावर मुलं फक्त बचाव शोधतात. विचारा, काय काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? यात कोणाकोणाला त्रास झाला? आता काय केलं म्हणजे ते भरून निघेल? सायकलवाल्या मुलालाही वेगळं भेटा. तो आता शाळेत कसा येतो, चालत यायला किती वेळ लागतो, उशिरा आल्याबद्दल त्याला कोणी शिक्षा केली का, ती सायकल कोणाच्या पैशातून आली होती, हे सगळं त्याच्या तोंडून येऊ द्या. मोडणाऱ्यांना यातलं बहुधा काहीच माहीत नसतं.

एक गोष्ट मात्र मनाची तयारी करूनच ऐका. मोडणाऱ्या मुलाकडेही त्याची कहाणी असू शकते. गेल्या वर्षीच्या दगडफेकीत त्याच्या वडिलांची हातगाडी उलथवली गेली असेल, बहिणीला रस्त्यात कोणी काही बोललं असेल. तेही नोंदवून घ्या, नीट ऐका. पण हातगाडीच्या हिशोबात सायकल वळती करायची नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्हींचं वेगवेगळं काहीतरी व्हायला हवं. मोठ्यांच्या दंगली इथेच तर सुरू होतात. प्रत्येकाकडे आधीचा एक हिशोब असतो आणि तो वाटेल त्याच्याकडून वसूल केला जातो.

दोघांची तयारी झाली की एकत्र बसवा. दोन्ही घरचं एकेक मोठं माणूस, एखादे सहकारी शिक्षक आणि तुम्ही. गोलात बसा, टेबल मध्ये ठेवू नका. सायकलच्या दुकानातून दुरुस्तीचा आकडा आधीच लिहून आणा, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. पैसे वडिलांनी खिशातून काढून दिले की मुलाच्या दृष्टीने विषय संपतो आणि घरी त्याला मार बसतो तो वेगळाच. म्हणून त्याचा स्वतःचा काहीतरी वाटा ठरवा. साठवलेल्या पैशातले थोडे द्यायचे, दुकानात दोघांनी मिळून सायकल न्यायची, दुरुस्ती होईपर्यंत तिथे थांबायचं. काय ठरलं ते कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. माफी मागायला लावू नका. ती आलीच तर नंतर, आपली आपण येते. आणि ज्याचं नुकसान झालं त्याला समोर बसायचं नसेल तर त्याच्यावर अजिबात जबरदस्ती नको, त्याचं म्हणणं तुम्ही वाचून दाखवा. शेवटी वर्गाला दोन वाक्यांत सांगा की प्रश्न सुटला. मोडली हे सगळ्यांना माहीत होतं, तसं भरून दिली हेही माहीत व्हायला हवं.

ही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. न्यूझीलंडने १९८९ मध्ये कायदाच केला की गुन्हा करणाऱ्या मुलाचं काय करायचं हे ठरवताना त्याचं कुटुंब, ज्याचं नुकसान झालं ती व्यक्ती आणि अधिकारी यांनी एकत्र बसावं. त्यामागे तिथल्या माओरी लोकांची जुनी रीत होती. पुढे अनेक देशांतल्या शाळांनी ही पद्धत आपापल्या परीने वापरली. मर्यादा तेवढी ध्यानात ठेवा. हत्यार निघालं असेल, कोणी जबर जखमी असेल, मुलीची छेडछाड असेल, तर ते असं गोलात बसून मिटवायचं नाही. तिथे कायद्याची ठरलेली वाट आहे आणि तीच धरायची.

शपथेबद्दल थोडं. एकत्र गाणं म्हणण्यात वाईट काहीच नाही, मलाही ते आवडतं. पण मुलांना जेव्हा दिसतं की तोंडाने म्हणायचं एक आणि स्टँडवर चालतं दुसरंच, तेव्हा ती शपथ त्यांना खोटं बोलण्याची सवय लावते. तसंच सव्वीस जानेवारीला एकाला टोपी, एकाला फेटा, एकाला पगडी घालून हातात हात देऊन स्टेजवर उभं करतात, ते तुमच्या वर्गापुरतं तरी या वर्षी टाळा. ज्या पोराला वर्षभर फक्त 'आठवा नंबर' किंवा 'चांगला बॉलर' म्हणून ओळखायला हवं, त्याला आपण त्या दिवशी त्याच्या समाजाचा नमुना करून टाकतो. आणि मुलांनी एकमेकांना मिठी मारल्याचे फोटो शाळेच्या फेसबुकवर तर मुळीच टाकू नका. उद्या वस्तीत तणाव झाला की त्या फोटोतल्या मुलालाच गल्लीत जाब विचारला जाईल.

मग शेजारी बसवायचं की नाही? नुसतं शेजारी बसवून काही होत नाही, कधी कधी उलटंच होतं. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हे नीट मांडलं. दोन गटांतली माणसं एकत्र आली की पूर्वग्रह आपोआप कमी होत नाहीत. दोघांचा दर्जा सारखा असावा लागतो, दोघांना हवं असलेलं एकच उद्दिष्ट लागतं, ते एकमेकांवाचून गाठता येऊ नये आणि वरच्या माणसांचा त्याला उघड पाठिंबा असावा. तुमच्या वर्गाला हे चारही लावून बघा. सध्या एकही नाही.

१९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात अशीच वेळ आली होती. तोवर वेगवेगळ्या वस्त्यांत शिकणारी गोरी, काळी आणि मेक्सिकन घरांतली मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि शाळाशाळांत हाणामाऱ्या सुरू झाल्या होत्या. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाला बोलावण्यात आलं. त्यांनी मुलांना उपदेश केला नाही. वर्ग कसा चालतो ते बघितलं. शिक्षक प्रश्न विचारतात, दहा हात वर होतात, एकाला संधी मिळते, बाकीचे मनातून त्याचं उत्तर चुकावं म्हणून वाट बघतात. म्हणजे भांडणाची तालीम धड्यातच होत होती. त्यांनी धडाच वाटून दिला. गटातल्या प्रत्येकाकडे एकच भाग आणि उरलेले भाग दुसऱ्यांकडून ऐकल्याशिवाय कोणाला परीक्षा देता येणार नाही.

तुमच्याकडे हे कसं बसेल? नववीत साठ मुलं धरतो. सहा-सहांचे दहा गट करा, गट तुम्ही पाडा, मुलांना पाडू देऊ नका. धड्याचे सहा भाग करा. दहाही गटांतून पहिला भाग मिळालेली मुलं एकत्र बसतील, म्हणजे दहाजण होतात. ते जास्त आहेत, पाच-पाच करा. त्यांनी आपला भाग पक्का करायचा आणि मग आपल्या मूळ गटात जाऊन शिकवायचा. एका तासिकेत हे होत नाही, तुमचा शनिवारचा तास आणि त्याच्या मागची-पुढची एक तासिका जोडून घ्या. वर्गात जागा नसेल तर व्हरांडा, हॉल, पटांगण. पहिल्या दोन-तीन वेळा भयंकर गोंगाट होईल आणि शेजारच्या वर्गातले सर डोकावतील. जे मूल वाचनात मागे आहे त्याला त्याचा भाग आदल्या दिवशी घरी द्या, नाहीतर गट त्याच्यावर चिडेल आणि सगळं उलट फिरेल. आणि तुम्ही मध्ये पडून उत्तर सांगू नका, हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल.

विषय म्हणाल तर मी गोदावरीचा पूर घेईन. भूगोलात तो बसतोच आणि पोर्शन राहिला असं कोणी म्हणणार नाही. एका भागात गंगापूर धरणातून पाणी कधी आणि किती क्युसेकने सोडतात ते. दुसऱ्यात गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी त्याच्या कमरेला आलं की गळ्याला, यावरून सगळं नाशिक पूर मोजतं, ते मुलांनी फोटो आणि बातम्या जमवून तारखांशी जुळवायचं. तिसऱ्यात सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार माल कसा हलवतात. चौथ्यात घर सोडून शाळेत राहायला गेलेली कुटुंबं. पाचव्यात अग्निशमन दल आणि महापालिका. सहाव्यात आजी-आजोबांच्या आठवणी. १९६९ चा महापूर पाहिलेली माणसं अजून गल्लोगल्ली भेटतील, २००८ चा आणि २०१९ चा तर मुलांच्या घरातच सगळ्यांना आठवतो. सहाव्या भागासाठी दोन मुलांची जोडी करा, खिडकीकडचा एक आणि दाराकडचा एक. सुरुवातीला आजी-आजोबांनाच शाळेत बोलवा. मुलांना एकमेकांच्या घरी पाठवायची घाई नको, ते पालकांशी बोलून आणि वस्तीतली हवा बघूनच. पुराच्या रात्री कोणी कोणाला माळ्यावर जागा दिली, कोणाच्या घरचा चहा कोणी प्यायला, हे मुलांना त्या म्हाताऱ्यांच्या तोंडून कळेल. तुम्हाला एकोप्याबद्दल एक शब्द बोलायची गरज उरणार नाही.

मुख्याध्यापकांना आणि स्टाफरूमला हेच दाखवा की तुम्ही अभ्यासक्रमच शिकवताय. हवं तर हेही सांगा की राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ साठी एनसीईआरटीने शांततेसाठीचं शिक्षण या विषयावर स्वतंत्र अभ्यासगट नेमला होता आणि त्या गटाचा भर वेगळा विषय काढण्यापेक्षा सगळ्याच विषयांतून हे नेण्यावर होता.

इतिहासाच्या तासाला आणखी एक करता येईल, मात्र पुराचं काम रुळल्यावरच. पॅलेस्टिनी शिक्षणतज्ज्ञ सामी अदवान आणि इस्रायली मानसशास्त्रज्ञ डॅन बार-ऑन यांनी दोन्हीकडच्या शिक्षकांना बसवून शाळेसाठी इतिहासाचं एक पाठ्यपुस्तक तयार केलं. पानाच्या एका बाजूला इस्रायली बाजूने सांगितलेली हकिगत, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी बाजूने आणि मधला रकाना कोरा, विद्यार्थ्याने स्वतः लिहायचा. दोन्हीकडच्या सरकारांना ते पुस्तक शाळेत नको होतं. पण मला तो कोरा रकाना फार मोलाचा वाटतो. तुम्ही वहीचं पान तसंच तीन रकान्यांत आखून द्या. पण गेल्या वर्षीच्या दगडफेकीने सुरुवात करू नका, ती जखम ताजी आहे. शाळेतलाच एखादा साधा वाद घ्या. मैदान कोणाला मिळावं, स्नेहसंमेलनात कोणाचा नाच कापला. दोन बाजू दोघांनी लिहायच्या. अट एवढीच की दुसऱ्याची बाजू आधी अशी सांगायची की तो म्हणेल, "हो, मला हेच म्हणायचं होतं." मोबाइलवर आलेले व्हिडिओही याच वहीत घ्या. कोणी काढला, कधी काढला, आधी काय झालं, कापलेला आहे का? एवढे चार प्रश्न लिहिल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही.

दाखला काढून नेऊ म्हणणाऱ्या पालकांशी वाद घालू नका. त्यांना चहाला बोलवा आणि विचारा, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?" बऱ्याच वेळा उत्तर द्वेषाचं नसतं. "उद्या काही झालं तर माझं पोर मध्ये सापडेल" अशी साधी बापाची भीती असते. ती खरी आहे. त्यांना तुम्ही आश्वासन काय देऊ शकता? शाळेत तुमचं लक्ष आहे, सुटताना गेटवर कोणीतरी उभं असतं, काही कानावर आलं तर तुम्ही आधी त्यांना फोन कराल. ही तीन आश्वासनं पाळा, बाक हळूहळू हलवता येतात.

इथे तुम्हाला भिवंडीची आठवण करून देतो. यंत्रमागांचं ते गाव १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलं होतं. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या. सणाच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात चार पुढारी बोलावून बैठक घ्यायची, असं ते नव्हतं. गल्लीतलीच साधी माणसं, दोन्ही समाजांची, एरवीसुद्धा नियमित भेटत आणि नळ-गटार-भाडेकरू असल्या तक्रारीही तिथेच मांडत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. तुमच्या पालकसभेत हेच करता येईल. निकालाच्या दिवशी सह्या करायला पालक येतात, त्याऐवजी दोन महिन्यांतून एकदा वर्गातल्या सात-आठ पालकांना बोलवा, त्यात आया जास्त असू द्या, आणि विषय अगदी साधे घ्या. शाळेजवळचं टपरीवरचं गुटखा-तंबाखू, मुलींच्या स्वच्छतागृहातलं पाणी, ट्रॅफिक. एकमेकांचे फोन नंबर साध्या दिवसांत घेतलेले असले तर वाईट दिवशी लावता येतात.

स्टाफरूमबद्दल थोडं कडक बोलतो, राग मानू नका. तुम्हाला 'शांतिदूत' म्हणतात हे सोडून द्या. पण 'त्या पोरांचं असंच असतं', 'त्या वस्तीतली ना, मग काय' असली वाक्यं तिथे बोलली जातात का? मुलांपर्यंत ती पोहोचतातच, शब्दांतून नाही तर वही भिरकावण्यातून. आणि छडी? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. तरी कुठे कुठे हात उचलला जातो हे आपण दोघंही जाणतो. ज्या वर्गात मोठा माणूस चिडला की मारतो, त्या वर्गाने सायकल मोडली यात नवल काय? तुमच्या तासाला तुम्ही कसं रागावता, चूक कशी दाखवता, उशिरा आलेल्याला पहिलं वाक्य काय बोलता, मुलं हा धडा रोज घेत असतात. याला पोर्शन लागत नाही आणि परवानगीही लागत नाही. साने गुरुजी अमळनेरला शिकवायचे, छात्रालय सांभाळायचे, तिथल्या पोरांवर त्यांनी आईसारखी माया केली. तेच गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. माया आणि हट्ट दोन्ही एका शिक्षकात मावू शकतं.

फरक पडतो का, असं तुम्ही विचारलंत. पडतो, पण फार हळू, आणि वाटेत मार खावा लागतो. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट मुलं पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या शाळांत जात. १९८१ मध्ये, हिंसाचार जोरात असताना, काही पालकांनी बेलफास्टमध्ये लॅगन कॉलेज ही एकत्र शाळा काढली. पहिल्या वर्षी २८ मुलं होती. आज अशा अनेक शाळा आहेत, तरीसुद्धा तिथल्या दहा मुलांतलं एकही पुरतं अशा शाळेत जात नाही. चार दशकांनंतर! जेरुसलेममध्ये ज्यू आणि अरब मुलं एकत्र शिकतात, हिब्रू आणि अरबी दोन्ही भाषांत, अशी एक शाळा आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या पहिलीच्या वर्गाला आग लावली गेली. शाळा बंद पडली नाही. ही माणसं तुमच्याआमच्यासारखीच पगारावर जगणारी शिक्षक आणि पालक आहेत. तुमच्या नववीतल्या साठांपैकी दहा-बारा मुलांनी जरी पुढच्या मिरवणुकीत दगड उचलायच्या आधी समोरच्या गल्लीत आपल्या गटातला कोण राहतो ते आठवलं, तरी तुमचं वर्ष सार्थकी लागलं असं मी मनापासून मानेन.

कोर्स आत्ता नको. तुमच्यासमोर साठ मुलांचा वर्ग आणि एक खराखुरा प्रश्न आहे, त्यातून जे हाताला लागेल ते कागदी प्रमाणपत्राने मिळणार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाटलं तर बघा. नोकरीचंही मार्चपर्यंत काही ठरवू नका. तोवर घरच्यांना एवढं सांगा की रविवारी तुम्ही शाळेचा फोन उचलणार नाही, आणि ते खरंच पाळा, कारण तुम्ही दमलाय हे पत्रात जागोजाग दिसतं. एकटीने हे ओढू नका. सगळी स्टाफरूम आपल्या बाजूला यायची वाट बघू नका, एकच माणूस पुरेसा आहे. मला विचाराल तर तो पीटीचा शिक्षक असावा. क्रिकेटचे संघ वेगळे झालेत असं तुम्ही लिहिलंय आणि ते त्यांच्याच हातात आहे. त्यांच्यापुढे शांतता-शिक्षण वगैरे काही काढू नका. एवढंच विचारा, सोमवारपासून संघ चिठ्ठ्या टाकून पाडता येतील का?